शंभर कार्डं, प्रत्येक एकदाच: कमांडर डेक काही महिने खेळल्यावर

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा 'ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन' हा तयार कमांडर डेक, म्हणजे कार्डांचा संच, पावसाळ्याआधी मागवला. तेव्हापासून दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या घरी आमचा चौघांचा डाव बसतो. आधी आम्ही साठ कार्डांचे डेक खेळायचो. त्यात एका कार्डाच्या चार प्रती चालतात, त्यामुळे समोरचा तिसऱ्या टर्नला काय टाकणार हे तोंडपाठ झालं होतं. कमांडर या प्रकारात डेक शंभरचा, त्यातलं एक कार्ड म्हणजे त्याचा म्होरक्या, कमांडर; आणि साध्या लँड (मॅना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी ताकद, देणारी कार्डं) सोडल्या तर कुठलंही कार्ड दुसऱ्यांदा नाही. एवढ्या एका नियमानं आमचा शिळा झालेला खेळ पुन्हा ताजा झाला.

सगळ्यांची पहिली शंका हीच असते की एकच प्रत, मग हवं ते कार्ड हाताला लागणार कधी? हिशेब करून बघा. साठात चार प्रती असतील तर पहिल्या सात कार्डांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता साधारण 40 टक्के. कमांडर सोडून उरलेल्या नव्याण्णवात एकच असेल तर जेमतेम 7. पण मॅना वाढवणारी वेगवेगळ्या नावांची 10 कार्डं घातली, तर त्यातलं एखादं सुरुवातीलाच मिळण्याची शक्यता 53 टक्क्यांच्या वर जाते. 'कल्टिव्हेट' आणि 'कोडामाज रीच' घ्या. दोन्ही तीन मॅनाची, दोन्हींचं काम एकच: दोन साध्या लँड शोधायच्या, एक टेबलावर, एक हातात. डेक बांधताना मी आता कामं मोजतो. मॅना वाढवणारी किती, कार्डं ओढणारी किती, समोरचं काढून टाकणारी किती. यात जो रमला त्याला हा प्रकार सुटत नाही.

कमांडर मात्र ओढावा लागत नाही, तो बाहेरच बसलेला असतो. माझा आहे 'अटार्का, वर्ल्ड रेंडर'. सात मॅनाचा, 6/4 चा (वार 6 चा, टिकाव 4 चा) उडता ड्रॅगन. आपला कुठलाही ड्रॅगन हल्ल्याला गेला की त्याला डबल स्ट्राइक मिळतो, एका हल्ल्यात तो दोनदा मारतो. म्हणजे अटार्काचा एक वार 12 चा, दोन वारांत 24. एकाच कमांडरकडून 21 डॅमेज बसलं की खेळाडू बाद, मग त्याच्या 40 पैकी कितीही लाइफ शिल्लक असो. मागे एकदा पहिला वार बसला, आणि दुसऱ्याच्या आधीच डावीकडच्या मित्रानं अटार्काला उडवलं. "भावा, आता नऊ मॅना काढ, मग बोल." कमांडर प्रत्येक वेळी परत आणताना दोन मॅना जादा पडतात. सातचे नऊ, नऊचे अकरा. हाताशी लँड होत्या आठ. तो एक टर्न थांबावं लागलं आणि तेवढ्यात तिघं सावरले. इतका रंगलेला डाव साठ कार्डांत मला कधी मिळाला नव्हता.

तक्रारी आहेतच. डेक सुरुवातीला फार संथ चालतो, आणि बऱ्याचशा लँड टॅप होऊनच येतात, म्हणजे त्या टर्नला वापरता येत नाहीत. त्या मी आधी बदलल्या. चौघांचा डाव दोन तासांवर सहज जातो, आणि जो पहिला बाद होतो त्याला ताटकळत बसावं लागतं. पहिल्याच टर्नला 'सोल रिंग' (एका मॅनात येऊन दर टर्नला दोन मॅना देणारं कार्ड) पडली तर तो खेळाडू इतका पुढे जातो की बाकी तिघांना एक व्हावंच लागतं. हे मला अजूनही पटलेलं नाही.

कोल्हापूरच्या पावसात कार्डं सांभाळायचं एक वेगळंच काम आहे. दमट हवेत फॉइल, म्हणजे चकचकीत, कार्डं वाकतात, आणि वाकलेलं कार्ड गड्डीत लगेच ओळखू येतं. कार्डाला दुहेरी स्लीव्ह (प्लास्टिकचं पाकीट) आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढ्यावर आमचं भागलं.

हा प्रकार मुळात अलास्कातल्या हौशी खेळाडूंनी सुरू केला. मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं त्यासाठी तयार डेक काढले ते 2011 मध्ये. नियम बघायला स्वतंत्र समिती होती. सप्टेंबर 2024 मध्ये 'मॅना क्रिप्ट', 'ज्वेल्ड लोटस' अशा महागड्या कार्डांवर बंदी आली, मोठा गदारोळ झाला आणि समितीनं सूत्रं कंपनीकडे दिली. पुढच्या वर्षी डेकच्या ताकदीच्या पाच पातळ्या आल्या. त्या आम्हाला फार उपयोगी पडल्या. पत्ते पिसायच्या आधी प्रत्येकानं आपली पातळी सांगायची असं ठरलंय. माझा अजून दुसऱ्या पातळीवर आहे, आणि चौथीवाला डेक कोणी काढला तर आधी विचारून काढतो.