कुत्र्याच्या हृदयाभोवती पाणी: छाती उघडायची का दुर्बिणीतून?
गोल्डन रिट्रीव्हरच्या हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं की आधी सुईने काढतात, पाणी म्हणायचं फक्त, सिरिंजमध्ये येतं ते चक्क लालभडक, पण रक्तासारखं सहसा गोठत नाही. परत परत भरायला लागलं की मग ऑपरेशनचा विषय निघतो.

उघडून म्हणजे फासळ्यांमधून किंवा छातीचं मधलं हाड कापून, पिशवीचा बराचसा भागच काढून टाकतात. दुखतं खूप, बिचारं कूस बदलताना कुईं कुईं करतं. दुर्बिणीत दोन-तीन छोटी भोकं, पिशवीला खिडकी पाडली की पाणी छातीत उतरतं आणि तिथे शोषलं जातं, सगळं नीट झालं तर एक-दोन दिवसांत घरी. भूल मात्र दोन्हीकडे पूर्ण, त्यामुळे किरकोळ समजू नका.

मग दुर्बीणच बेस्ट? थांबा जरा. खिडकी लहान पडली तर बुजू शकते, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर उघडून काढणं सोपं जातं. ती हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) निघाली तर काहीही करा, हातात महिनेच. मी तरी आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नीट करून घेईन, गाठ नसेल आणि सर्जनचा हात दुर्बिणीवर बसलेला असेल तरच दुर्बीण.