व्ही-२ रॉकेटचं जुनं किट: दिवाळीपासून पोळ्यापर्यंत

दिवाळीत व्ही-२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रॉकेटच्या प्लॅस्टिक मॉडेलचा डबा उघडला, होळीच्या आधी मॉडेल उभं राहिलं, आणि आता पोळाही झाला. धुळ्याचं ऊन आणि धूळ ते कसं सोसतं हे पाहूनच लिहायचं ठरवलं होतं.

किट जुन्या साच्यातलं, १:४८ मापाचं, सेकंडहँड घेतलेलं. खरं रॉकेट सुमारे १४ मीटर उंच होतं, म्हणजे मॉडेल २९ सेंटीमीटरचं. भाग मोजकेच, पण त्यावर जाऊ नका. अंगाचे दोन अर्धे जोडले की टोकापासून शेपटीपर्यंत सांधा दिसतो, आणि एवढ्या गुळगुळीत गोल अंगावर तो लपवायला जागाच नसते. पंखांच्या मुळाशी तर नख जाईल एवढी फट होती.

फट भरायला गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून एनसी पुट्टी आणली. जाड थर दिला तर त्यातलं थिनर प्लॅस्टिक मऊ करतं. पहिल्याच पंखाला मी ते भोगलं. पुढे पातळ थर, एक दिवस सुकवण, मग ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटचे दोन पाणी लावून. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, पिवळे पडले होते. ते खिडकीच्या काचेला आतून चिकटवले, हिवाळ्यातल्या चार दिवसांच्या उन्हात बरेच उजळले. कागद ठिसूळ झालेला, म्हणून पाण्यात टाकण्याआधी क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हलका फवारा मारला.

काळे-पांढरे चौकोन रंगवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि किटचा खरा आनंदही तिथेच मिळाला. पेनेमुंडे या जर्मन चाचणीतळावरच्या चाचण्यांतली रॉकेटं अशी रंगवायचे, कारण उडताना रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का, हे फिल्मवर दिसायला हवं होतं. ३ ऑक्टोबर १९४२ ला त्यातलं एक ८० किलोमीटरहून वर गेलं. मास्किंग टेप एक मिलिमीटर सरकला तरी पुढचा चौकोन चुकतो. तेव्हा ही नक्षी नसून मोजपट्टी आहे हे हाताला समजतं.

इंजिनाच्या नळीच्या तोंडाशी बसणारी चार छोटी पाती डब्यात नव्हतीच. पातळ प्लॅस्टिकमधून कापून घेतली. खऱ्या रॉकेटची ग्रॅफाइटची होती, कारण अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या ज्वाळेत उभं राहून त्यांना रॉकेट वळवायचं असे. ती पाती डब्यात मिळाली असती तर मी हे वाचलंही नसतं.

मे महिन्यात खोली भट्टी झाली, पण एकही सांधा सुटला नाही. तक्रार एकच: वरून दिलेल्या एनॅमल क्लिअरमुळे पांढरा रंग सायीसारखा पिवळट झालाय. पांढऱ्यावर अ‍ॅक्रिलिकच वापरा. आणि काचेची पेटी पहिल्याच दिवशी करून घ्या, धूळ चौकोनांच्या कडांवर बसली की पुसताना रंग निघतो.

कानबाईच्या सणाला घर भरलं होतं. आजीने पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" मी रॉकेट म्हणालो. भाच्याने पुढचं विचारलं, कोणी बनवलं? डोरा या नाझी छळछावणीतल्या कैद्यांनी, डोंगराखालच्या बोगद्यांत, हे मी त्याला सांगितलं. त्या छावणीत सुमारे २०,००० माणसं मेली. लंडनवर ही रॉकेटं ८ सप्टेंबर १९४४ पासून पडू लागली, तेही सांगितलं. तो बराच वेळ पेटीपाशी बसून होता. नंतर मी स्टँडवरच्या चिठ्ठीत उंची आणि वजनाखाली डोराचं नाव लिहिलं.