चार फुटी टाकी घेतली, आता गोल्डफिश की एंजल?

दोन फुटी टाकीतून ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत जाताना हा प्रश्न पडतोच. टाकी काठोकाठ भरली तर सुमारे २५० लिटर पाणी, म्हणजे काच-वाळू धरून ३०० किलोंच्या वर वजन. स्टँड आधी बघा, खाली थर्माकोल घाला.

खर्चात गोल्डफिश स्वस्त वाटतो, कारण हीटर लागत नाही. एंजलला २६ ते २८ अंश हवे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी गार पडते, तेव्हा २०० वॅटचा हीटर घ्यावाच लागतो.

मेहनतीत मात्र गणित उलटते. गोल्डफिश खातो भरपूर, घाण त्याहून जास्त करतो. फॅन्सी जातीचे चार-पाचच ठेवा, दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदला. सहा एंजलना २५ टक्के पुरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यामुळे अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. वीज गेली की मासे गुदमरू शकतात. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

एंजलची खोड वेगळी: जोडी जमली की बाकीच्यांना कोपऱ्यात दाबते, आणि छोटे निऑन टेट्रा गिळते.

जुना फिल्टर स्पंज नव्या टाकीत न धुता लावा. त्यातले घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू मेले तर अमोनिया वाढून मासे पहिल्याच महिन्यात जातात.

रविवारी तासभर हक्काचा असेल, तर गोल्डफिश. झाडे लावायची असतील तर एंजलच. गोल्डफिश पाने कुरतडतो.