रमजान प्लॅनर डायरी घेतली, वापरून सांगतोय

सांगलीत स्टेशनरीच्या दुकानातनं रमजान प्लॅनर घेतला, 30 दिवसांची 30 पानं, पाच नमाज, तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज), कुराण, सदका (ऐच्छिक दान) सगळ्याला टिक करायचे चौकोन. मला सगळ्यात कामाला आला तो कुराणाचा तक्ता. दरवर्षी पूर्ण करायचं ठरवतो आणि दहाव्या रोजाला गाडी अडकते, पण यात सरळ हिशोब दिलाय, रोज एक पारा (कुराणाच्या 30 भागांतला एक) म्हणजे साधारण 20 पानं, मग प्रत्येक नमाजनंतर चार-चार वाचली की झालं. हे डोक्यात आधी का आलं नाही काय माहीत! जकातीचं (बचतीतनं द्यायचं बंधनकारक दान) पण पान आहे, अडीच टक्के काढायला बरं पडतं.

आता तक्रार. सेहरीचा (पहाट व्हायच्या आत उरकायचं खाणं) टाइम मुंबईचा छापलाय राव! आपल्याकडं पहाट मुंबईच्या आधी होते, त्यावर बसलो असतो तर रोजाच गेला असता, अम्मीनं मशिदीतला तक्ता दाखवला म्हणून वाचलो. कागद पण पातळ, जेल पेन मागं उमटतो.

‘आज राग आवरला का’ हा रकाना मात्र अजून बराचसा कोराच आहे, इफ्तारच्या आधी मिरज रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवून बघा.