कॅम्पर बनवायचाय, मग ४०७ घ्यायची की ११ टनी ट्रक?

ट्रकवर घर बांधून लडाखपर्यंत जायचंय, बजेट कमी आहे, आणि टाटाचा छोटा ट्रक ४०७ की सरळ ११ टनी (मालासकट एकूण वजन ११ टन) यावर महिनाभर अडकला असाल तर आधी घरातल्यांची लायसन काढून बघा. एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर साडेसात टन ग्रॉस (गाडी अधिक माल) वजनापर्यंतचीच गाडी चालते, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पण हीच रेषा धरलीय. म्हणजे ११ टनी घेतली की हेवी लायसन आलंच, आणि मनालीपर्यंत स्टिअरिंगला तुम्ही एकटेच. ४०७ असली तर भाऊ, बायको कुणीही बसेल.

आता राईड. मोठा ट्रक म्हणजे आरामशीर असं वाटतं, पण पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मालाच्या वजनासाठी असतात हो. ११ टनीवर सहा टनांच्या आसपास माल जातो आणि आपलं घर म्हणजे बेड, ओटा, टाकी, बॅटरी सगळं धरून दीड-दोन टन, मग पाटे दबतच नाहीत आणि घोडबंदरच्या खड्ड्यांतच कपबशा खाली. ४०७ ला साधारण सव्वादोन-अडीच टन झेपतं, तिथे तेच घर पाट्यांवर नीट बसतं. मात्र वजन मोजून बांधायचं, ग्रॅनाइटचा ओटा वगैरे लाड नकोत, ३०० लिटर पाणी म्हणजे तिथेच ३०० किलो गेले, वर चार माणसं.

मोठ्याची खरी मजा रुंदीत. ४०७ ची बॉडी बाहेरून साधारण सहा-सव्वासहा फूट, दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंचाचं पफ पॅनल (उष्णता अडवणारं फोमचं पॅनल) धरलं की उंच माणूस आडवा झोपतच नाही, बेड लांबीत टाकावा लागतो आणि चालायची जागा जाते. ११ टनीत आडवा बेड बसतो. पण तीच गाडी कोकणात गावात न्या, फणसाच्या फांद्या आणि लोंबणाऱ्या वायरी बघून घाम फुटतो.

बॉक्स, म्हणजे घराची पेटी, बसवताना दोन्हींवर सारखीच चूक होते. खड्ड्यात चासी (गाडीचा खालचा सांगाडा) पिळते, बॉक्स पिळत नाही, आणि घट्ट बोल्ट मारून टाकला की कोपऱ्यात तडे. दोन्हींच्या मध्ये सबफ्रेम (वेगळी लोखंडी चौकट) टाकून एका टोकाला पिव्हट (हलता सांधा) किंवा स्प्रिंगचं माउंटिंग द्यायला लावा, आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग किंवा ड्रिल करू देऊ नका, बॉडीवाला "काही होत नाही साहेब" म्हणाला तरी. जुना रीफर बॉक्स (थंड माल नेणाऱ्या ट्रकची पेटी) चांगल्या हालतीत मिळाला तर इन्सुलेशन आयतंच, कळंबोली-तळोज्याकडे चौकशी करा. रात्रभर एसी मात्र दोन्हीत विसरा, १२ व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट, एक टनी एसी दोन-अडीच तासांत संपवतो.

सगळ्यात त्रासाचे कागद. जुनी मालगाडी घेऊन परस्पर घर बांधलं तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं आणि इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी बरोबर तेच काढतो. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्टँडर्ड आहे, ड्रॉइंग घेऊन आधी आरटीओत विचारा, ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, मगच टोकन द्या.

माझं मत विचाराल तर ४०७. ११ टनी तेव्हाच, जेव्हा सहा-सहा महिने गाडीतच राहणार असाल. नाहीतर सोसायटीच्या गेटमधून ती आत शिरणार नाही, लांब भाड्याच्या जागेत उभी राहील, आणि शुक्रवारी रात्री आधी रिक्षा पकडून तिच्यापर्यंत जावं लागेल.