पोहण्याच्या पुलाचा हीट पंप: हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यावर

वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आमचं घर आहे. 8 बाय 4 मीटरचा पोहण्याचा पूल, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे 40,000 लिटर पाणी. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले आहेत, आणि थंडीत पाणी इतकं गार व्हायचं की नेमके दुखण्याच्या दिवसांत ते बंद पडायचे. म्हणून दिवाळीनंतर 12 किलोवॅट उष्णता देणारा सिंगल फेज हीट पंप बसवला, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा.

यंत्राबद्दल तक्रार नाही. एवढं पाणी एक अंशाने तापवायला साधारण 46 युनिट उष्णता लागते. कॉइलचा हीटर असता तर तेवढे सगळे युनिट मीटरवर पडले असते. हीट पंप बरीचशी उष्णता हवेतून ओढून घेतो, त्यामुळे थंडीतही अकरा-बारा युनिटांत काम होतं. वेळ मात्र लागतो, अंशाला चार तास धरा. रात्री पुलावर कव्हर टाकलं नाही तर कमावलेली ऊब सकाळपर्यंत उडून जाते. आवाज पंख्याइतका. यंत्राचं एवढं पुरे.

मला लिहायचंय ते वायरिंगबद्दल, कारण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात त्यावर जेमतेम दोन ओळी असतात. ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांचा माणूस फिल्टरच्या मोटरच्या स्टार्टरवरूनच जोड काढून द्यायला निघाला होता. अर्थिंगचं विचारलं तर म्हणाला, "घराचं आहे ना, तेच चालेल." मी काम थांबवलं आणि आमच्या ओळखीच्या परवानाधारक वीज ठेकेदारांना, अण्णांना, बोलावलं. अण्णांनी आधी अर्थ टेस्टर लावला. आमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. घराच्या अर्थिंगच्या जुन्या खड्ड्याचा रोध 12 ओहम निघाला.

आता गणित बघा. यंत्राच्या आत फेज सुटून पत्र्याला टेकली तर 230 भागिले 12, म्हणजे जास्तीत जास्त 19 अँपिअर जमिनीत जाणार. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच, 20 अँपिअरचा. तो जागचा हलणारसुद्धा नाही. यंत्राचा पत्रा, आणि त्या अर्थ वायरला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू, जवळजवळ पूर्ण दाबावर (व्होल्टेजवर) तशीच उभी राहणार. ओल्या अंगाचं माणूस पाण्यातून वर येताना तिला हात लावणार. "अर्थिंग केलंय" एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या घराचे आकडे घालून एकदा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इथे जीव वाचवतात त्या दोन गोष्टी. पहिली 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की ती क्षणात तोडते, अर्थचा रोध 12 ओहम असो की 50. आम्ही हीट पंपाला वेगळी आणि फिल्टरच्या मोटरला वेगळी आरसीसीबी घेतली. इन्व्हर्टरच्या यंत्राला साधी एसी टाइप, म्हणजे फक्त साध्या एसी करंटची गळती ओळखणारी, घेऊ नका. किमान ए टाइप लागते, आणि काही यंत्रांना त्याच्याही वरची, ते पुस्तिकेत बघून घ्या.

दुसरी गोष्ट इकडे फारसं कुणी करत नाही: पुलाभोवतीचं सगळं धातू एकमेकांना जोडणं. स्टीलची शिडी, कठडा, मोटरची बॉडी, हीट पंपाचा पत्रा आणि पुलाच्या काँक्रीटमधल्या सळ्यासुद्धा. उद्देश करंट जमिनीत घालवण्याचा नाही. दोष आलाच तर हाताखालचं आणि पायाखालचं सगळं एकाच दाबावर असावं, म्हणजे अंगातून करंट जायला फरकच उरत नाही. महावितरणच्या लाइनचा न्यूट्रल वादळात तुटला आणि दाब बाहेरून आला, तरी हे जोडकाम कामी येतं. अमेरिकेच्या विद्युत संहितेत पुलांसाठी 680 क्रमांकाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात यासाठी भरीव तांब्याची तार सक्तीची आहे. आम्ही 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुलाभोवती फिरवली. डेकची फरशी बदलायचीच होती, म्हणून दोन ठिकाणी काँक्रीट फोडून सळी उघडी केली, घासून चकचकीत केली, क्लॅम्प आवळला आणि मीटर लावून सलगता बघूनच पुन्हा बुजवलं. फरशी नवी असेल तर हे काम जिवावर येतं, हे मान्य. पण पूल बांधतानाच करून घेतलं तर खर्च किरकोळ आहे.

बाकीचं भराभर सांगतो. यंत्र पुलाच्या काठापासून चार मीटरवर ठेवलं. आंतरराष्ट्रीय नियमांत काठापासून साडेतीन मीटरपर्यंतचा भाग विशेष काळजीचा धरतात. डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीज वाटपाच्या पेटीपासून, 35 मीटर अंतर, म्हणून केबल 2.5 ऐवजी 4 चौरस मिलिमीटरची. 13 अँपिअरवर दाब साडेचार व्होल्टच पडतो. यंत्राजवळ, नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच, आहे. केबल पेटीत खालून, ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) घेतली, वरून घेतली की पाणी तिच्याच अंगाने आत उतरतं. अर्थिंगचा नवा खड्डाही घेतला. पावसानंतर त्याचा रोध 4 ओहम, एप्रिलमध्ये मात्र 9. तपासणी करायची तर उन्हाळ्यातच करा. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा लक्षात घेऊन डीबीत दाबाचे अचानक झटके अडवणारा सर्ज प्रोटेक्टरही बसवला.

जुलैमध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. फिल्टर सुरू केला की त्याची आरसीसीबी पडायची. पुन्हा वर केली, पुन्हा पडली. सर्किट वेगळी असल्यामुळे दोष मोटरच्या बाजूला आहे हे लगेच कळलं. अण्णांनी तारा सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर काटा शून्याला टेकलेला. मोटरचं सील गळत होतं आणि पाणी वाइंडिंगपर्यंत पोचलं होतं. एमसीबीला याचा पत्ताही नव्हता. त्या आठवड्यात भाचरं आली होती, दिवसभर त्याच शिडीवरून चढउतर चालली होती.

न आवडलेलं एकच. क्लोरीनचा डबा यंत्राच्या शेजारच्या खोलीत ठेवत होतो, त्या वाफेने तारेच्या टोकाला बसवलेल्या एका उघड्या तांब्याच्या लगवर हिरवा थर धरला. लग कल्हई केलेला बदलून घेतला आणि डबा दुसरीकडे हलवला. दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो. पण ते बटण फक्त आरसीसीबी तुटते की नाही एवढंच दाखवतं, अर्थ वायर जागेवर आहे की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा अण्णांना टेस्टर घेऊन बोलवायचं ठरलं आहे, एप्रिलच्या शेवटी, जमीन सर्वात कोरडी असताना.