एका दिवसाचा घाट: पसरणी की ताम्हिणी?

पुण्याहून सायकलने एका दिवसात घाट करायचा, तर पसरणी आणि ताम्हिणी हे दोन पर्याय समोर येतात. दोन्हींचा स्वभाव मात्र उलटा आहे.

पाचगणीच्या वाटेवर कात्रज, खंबाटकी आणि वाईनंतर पसरणी असे तीन चढ लागतात, आणि सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यातून निघालेला माणूस जवळपास १,३०० मीटरपर्यंत पोचतो. शेवटच्या वळणांवर सर्वांत हलका गिअरही जड वाटतो. पण मागे पाहिले, की धोम धरणाचे पाणी खाली पसरलेले दिसते. या मार्गाचे खरे दुखणे चढ नसून खंबाटकीतला ट्रकचा धूर हे आहे.

ताम्हिणी मुळशी ओलांडल्यावर आधी उताराचे सुख देते आणि त्याची वसुली परतीला करते. पायथ्याच्या विळे गावापर्यंत ब्रेक दाबून बोटे आखडतात, आणि तोच घाट दुपारी चढताना कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पसरणीच घ्यावी, कारण दमल्यास वाईहून मागे फिरता येते; ताम्हिणी उतरल्यावर ती सोय उरत नाही.